नक्कल करा, पण मन लावून!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या? विचारलं तर निम्म्या जणींचे तरी हात वर होतील. स्थिरचित्रातला तो तांब्या, शेजारचं वांगं, मागे टांगलेली घड्याघड्यांची चादर, आणि बोर्ड मांडीवर घेऊन मान अवघडेपर्यंत केलेलं छायांकन. आठवतं ना? मग दहावी आली, कॉलेज आलं, लग्न झालं आणि रंगपेटी माळ्यावर गेली. पुढे हात चालला तो दिवाळीच्या रांगोळीपुरता, नाही तर मुलांच्या शाळेच्या तक्त्यांपुरता.

आज मी तुम्हांला सुचवणार आहे ते जरा धाडसाचं वाटेल. तैलरंगात माणसाचा चेहरा रंगवायला शिका! तोही घरी, दुपारच्या वेळात, आणि एका जुन्या नामवंत चित्राची नक्कल करून.

तैलरंग म्हटलं की बायका बिचकतात. 'ते काही आपलं काम नव्हे, त्याला आर्ट स्कूलच हवं.' पण संसारी बाईला जलरंगापेक्षा तैलरंगच सोयीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जलरंगाचा हात चालू असताना दाराची बेल वाजली, की परत येईपर्यंत डाग वाळून बसलेला. तैलरंग तुमची वाट पाहतो. दूध उतू जाईल म्हणून उठलात, गॅस बंद करून आलात, तरी रंग तस्सा ओला. पॅलेटवर प्लॅस्टिक घट्ट झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. शिवाय एक थर दिला की तो वाळेपर्यंत चार-सहा दिवस थांबावंच लागतं, म्हणजे रोज वेळ काढायलाच हवा असंही नाही.

नक्कल म्हणजे कमीपणा?

'दुसऱ्याचं बघून काढलंय' हे वाक्य आपल्याकडे नाक मुरडून म्हणतात. पण चित्रकला शिकण्याची जुनी वाट हीच आहे. पॅरिसचं लूव्र संग्रहालय १७९३ साली लोकांसाठी उघडलं, तेव्हापासून तिथे चित्रांसमोर ईझल मांडून नकला करण्याची प्रथा आहे आणि ती अजून चालू आहे. नियम मोठे मजेशीर आहेत. नक्कल मूळ चित्राच्या मापाची करायची नाही, लहान किंवा मोठी करायची. आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही.

यात आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल द बोझारमध्ये, बायकांना १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. मग शिकायचं कुठे? घरी शिकवणी लावायची, खाजगी स्टुडिओत पैसे भरायचे, किंवा संग्रहालयात जाऊन नकला करायच्या. बेर्त मोरिझो आणि तिची बहीण एदमा या दोघी लूव्रमध्ये अशाच नकला करत शिकल्या. अमेरिकेहून आलेली मेरी कसाटही तिथेच बसत असे. पुढे मोरिझो आणि कसाट या दोघींची गणना जगातल्या मोठ्या चित्रकारांत झाली. शाळेचं दार बंद होतं तेव्हा जुन्या चित्रांनीच त्यांना शिकवलं.

आपल्या मुंबईतही हे झालं आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स हे तिथले शिक्षक १८७२ पासून पुढे कितीतरी वर्षं अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत. त्या नकला लंडनला पाठवल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. पण ती रेषा मुलांच्या हातात उतरली होती, ती कशी जळेल?

कोणतं चित्र घ्यावं?

कॅलेंडरवरचा सूर्यास्त किंवा राजहंस घेऊ नका. त्यातून हात फारसा शिकत नाही. चेहरा घ्या, एकच घ्या, आणि साध्या पार्श्वभूमीचा घ्या. माझ्या मते नवशिकीला सगळ्यांत उपयोगी चित्र म्हणजे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या योहानेस व्हर्मीरचं 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी'. तुम्ही ते कुठे ना कुठे पाहिलेलंच असेल. डोक्याला निळा फेटा, त्याचं पिवळं टोक पाठीवर सोडलेलं, मान वळवून आपल्याकडे बघणारी, ओठ किंचित विलग. हे चित्र साधारण १६६५ सालचं. आकार म्हणाल तर अवघा साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर उंच आणि एकोणचाळीस रुंद. म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या बऱ्याच फोटोंपेक्षा लहान!

या चित्राचं नशीबही पाहा. १८८१ साली हेगमधल्या एका लिलावात ते दोन गिल्डर आणि वर तीस सेंट एवढ्या किमतीला गेलं. म्हणजे जवळजवळ फुकटच. घेणारे गृहस्थ १९०२ मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाला मिळालं. आज ते पाहायला जगभरातून माणसं येतात.

ही मुलगी कोण, याचं उत्तर नाही. किंबहुना ते कुणा ठरावीक व्यक्तीचं चित्रच नाही. डच चित्रकार असे चेहरे सरावासाठी आणि विक्रीसाठी रंगवत, त्यांना 'ट्रोनी' म्हणत. आपल्याला हे सोयीचं! 'हुबेहूब तिच्यासारखी दिसत नाही' असं म्हणायला तिच्या माहेरचं कुणी येणार नाही.

२०१८ मध्ये संग्रहालयाने हे चित्र प्रेक्षकांसमोरच तपासायला घेतलं. चित्राला धक्का न लावता नाना यंत्रांनी त्याचे थर पाहिले. त्यातून कळलं, की मागची काळी पार्श्वभूमी मुळात काळी नव्हती. तिथे हिरवट पडदा होता. नीळ आणि 'वेल्ड' नावाच्या झाडाचा पिवळा रंग यांचा तो पातळ थर काळाने विटला. पापण्यांचे बारीक केसही सापडले, जे साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. आणि व्हर्मीरने आधी तपकिरी-काळ्या छटांत सगळी मांडणी करून मग मागून पुढे काम केलं, हेही कळलं: आधी पार्श्वभूमी आणि चेहरा, मग पिवळं जाकीट, मग पांढरी कॉलर, फेटा, आणि मोती. हाच क्रम आपणही धरायचा.

छापील प्रत निवडताना एक काळजी घ्या. १९९४ मध्ये या चित्राची सफाई झाली आणि वरचं पिवळं पडलेलं व्हार्निश काढलं गेलं. त्याआधीच्या पुस्तकांतली छपाई पिवळट असते. ती पाहून रंग लावलात तर मुलगी काविळीची दिसेल. संग्रहालयाने चांगली मोठी प्रत इंटरनेटवर मोफत ठेवली आहे, ती उतरवून घ्या. घरात कॉलेजात जाणारं कुणी असेलच.

साहित्य थोडकंच

रंगांच्या नळ्यांचा मोठा संच घेऊ नका. आठ पुरतात: टायटॅनियम व्हाइट (मोठी नळी), येलो ओकर, व्हर्मिलियन ह्यू, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्ल्यू, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि आयव्हरी ब्लॅक. व्हर्मीरने पांढऱ्यासाठी शिशाचा रंग वापरला होता. शिसं विषारी, घरात लहान मुलं असताना ते नकोच. लाल म्हणजे हिंगूळ, त्यात पारा असतो. नळीवर 'ह्यू' लिहिलेलं असलं की तो तसा नसतो.

निळ्याची गंमत सांगते. फेट्याचा तो निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाची पूड करून केलेला, फार महागडा. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तोच रंग कारखान्यात करायची युक्ती सापडली आणि तो इतका स्वस्त झाला, की आपल्या आज्या पांढऱ्या धोतरांना जी नीळ घालत, त्या पुडीतही पुष्कळदा हाच अल्ट्रामरीन असे.

बाकी जवसाचं तेल (रंगाच्या दुकानातलं शुद्ध केलेलं), टर्पेंटाइन, डुकराच्या केसांचे दोन चपटे ब्रश, मऊ केसांचे दोन बारीक ब्रश, एक पॅलेट नाइफ. पॅलेट म्हणून जुन्या टीपॉयची काच चालते. तिच्याखाली करडा कागद ठेवा. ईझल नसेल तर खुर्चीच्या पाठीला बोर्ड टेकवा. जुन्या सुती साडीच्या चिंध्या मात्र भरपूर हव्यात.

कॅनव्हास सोळा इंच उंच आणि चौदा रुंद असा फ्रेमवाल्याकडून ताणून घ्या, किंवा कॅनव्हास बोर्ड त्या मापाचा कापून घ्या. हेच माप का? कारण मूळ चित्राचं प्रमाण जवळजवळ असंच पडतं, आणि नक्कल मूळापेक्षा किंचित लहान होते. लूव्रचा नियमही पाळल्यासारखा होतो!

आता चौकटी. छापील प्रत आठ इंच बाय सात इंच काढा. ए-फोर कागदावर ती बसते. तिच्यावर एकेक इंचाच्या चौकटी आखा. कॅनव्हासवर फिकट पेन्सिलीने दोन-दोन इंचांच्या. दोन्हीकडे छप्पन्न चौकटी होतील. एकेका चौकटीत रेघ कुठून शिरते, कुठून बाहेर पडते एवढंच बघत उतरवत जा. डोळा काढतोय, नाक काढतोय हे विसरून जा. मन 'डोळा' म्हणालं की हात शाळेतला बदामी डोळा काढून मोकळा होतो. खात्री करायची असेल तर प्रत आणि कॅनव्हास दोन्ही उलटे धरून पाहा. फणीच्या आरशातून पाठमोरं पाहिलंत तर वाकडं झालेलं नाक लगेच कळतं.

थरावर थर

पहिल्या दिवशी फक्त रॉ अंबर, टर्पेंटाइनने पातळ केलेला. अंधार कुठे आहे तेवढा भरा. डोळे किलकिले करून प्रतीकडे पाहिलं की बारकावे जातात आणि उजेड-अंधाराचे दोन मोठे तुकडे उरतात. उजेड चित्राच्या डाव्या बाजूने येतो. तपकिरीत हे चित्र उभं राहिलं नाही तर पुढे रंग त्याला उभं करू शकणार नाहीत, म्हणून इथे दोन-तीन दुपारी गेल्या तरी जाऊ द्या.

दुसऱ्या थराला टर्पेंटाइनमध्ये निम्मं जवसाचं तेल. शेवटच्या थरांना तेल जास्त, टर्पेंटाइन नावापुरतं. हा क्रम उलटा करायचा नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. तेलाच्या बरणीला बाहेरून जो चिकट थर बसतो ना, तसंच. खालचा तेलकट थर अजून हलत असताना वरचा कोरडा थर आधी घट्ट झाला, की भेगा पडणारच. शेंगदाण्याचं किंवा करडईचं स्वयंपाकाचं तेल मात्र घालू नका. शेंगदाण्याचं तर असं वाळतच नाही.

चेहऱ्याचा रंग एकच बनवून सगळीकडे फासू नका. बसण्याआधीच तीन ढीग करा. उजेडाचा: वाटाण्याएवढा पांढरा, हरभऱ्याएवढा ओकर आणि मोहरीएवढा व्हर्मिलियन. मधला: त्यातच ओकर वाढवा आणि बर्न्ट सिएनाचा ठिपका द्या. सावलीचा: रॉ अंबर, किंचित अलिझरिन, निळ्याची चाहूल. सावलीत काळा घातला की चेहरा मळकट होतो. तिन्ही रंग शेजारी शेजारी लावून घ्या आणि जिथे ते भेटतात तिथे कोरड्या मऊ ब्रशने अलगद फिरवा.

आता नाकाकडे बघा. उजेडाच्या बाजूला नाकाला कडच नाही! नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल एकाच रंगात मिसळून गेले आहेत. तरी आपल्याला पूर्ण नाक दिसतं. व्हर्मीरने रेघ मारली नाही, आपणही मारायची नाही. आमच्या कॉलनीत दुपारी सात-आठ जणी मिळून बसतो. तिथे प्रत्येकीचा हात इथे शिवशिवतो. एक बाई तर रोज रेघ पुसायच्या आणि उठता उठता पुन्हा मारायच्या!

ह्या बाईंचं सांगायला हवं. वय पन्नासच्या पुढे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली, त्यानंतर एकतीस वर्षं ब्रश हातात नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, तुम्हांला हेच का शिकायचंय? तर पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. त्यांच्या आईचा, एकुलता एक. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून मोठा करून घेतलेला, पांढरट पडलेला. 'फोटोवाल्यानं रंगवून दिलाय, पण ती आई वाटत नाही. मला तिला नीट काढायचीय,' म्हणाल्या. घरी त्यांनी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सासरे म्हणत, या वयात काय बालवर्ग! त्यांनी उलट उत्तर केलं नाही. दुपारी अडीचला पोळ्यांचा डबा झाकून निघायच्या, पाचच्या चहाला परत.

मी त्यांना सांगितलं, आईला आत्ता हात लावू नका. आधी ही परकी मुलगी पुरी करा. ज्या चेहऱ्यात जीव गुंतलाय, तो शिकताना बिघडला तर पुन्हा ब्रश हातात धरवत नाही.

फेट्याला आधी गडद सावल्या, वाळल्यावर अल्ट्रामरीन आणि पांढऱ्याचा उजेड. घड्या मोजत बसू नका, चार मोठ्या घड्या पुरेत. जाकीट ओकर आणि अंबरमध्ये पटकन उरकलं तरी चालतं. तिथे कुणाचं लक्ष जात नाही. पार्श्वभूमी आज दिसते तशी काळी करायची की मुळातली हिरवट? मी म्हणेन, अंबर आणि निळा मिसळून गडद करा आणि त्यावर ओकर-निळ्याचा अगदी पातळ तेलकट हात द्या. नुसता नळीतला काळा फार मुका दिसतो.

डोळ्यांतले पांढरे ठिपके आणि ओठाच्या कोपऱ्यावरचा इवला उजेड सर्वांत शेवटी. आणि मोती त्याच्याही नंतर. हौसेने गोल आखायला जाल, तर थांबा. त्या मोत्याला कडा नाही, कानात अडकवायची कडीही नाही. वर डाव्या बाजूला एक जाडसर पांढरा फटकारा, खाली कॉलरच्या पांढऱ्याची मंद झाक, बाकी सगळी मानेची सावली. एवढ्यात मोती होतो. आमच्या वर्गात त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं.

घरात रंग, तेव्हा...

टर्पेंटाइनचा वास डोकं धरतो. खिडकी उघडी ठेवा, गॅसच्या किंवा देवाच्या दिव्याच्या जवळ बसू नका. टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत किंवा पेल्यात कधीही ओतू नका. झाकणाच्या बरणीवर नाव लिहून उंचावर ठेवा. आणि हे विशेष लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवा, किंवा दोरीवर एकेक पसरून बाहेर वाळवा आणि मग फेका.

ब्रश आधी चिंधीला पुसा, मग थोड्या गोड्या तेलात घोळवून पुन्हा पुसा, शेवटी अंगाच्या साबणाने हातावर घासा. फेस पांढरा आला की झालं. पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. व्हार्निशची घाई नको. निदान सहा महिने जाऊ द्या.

सगळं मिळून पंधरा-सोळा दुपारी लागतात, दोन-अडीच महिन्यांत पसरून. सही पुढे करू नका. मागे लिहा: 'योहानेस व्हर्मीर यांच्या चित्रावरून', खाली तुमचं नाव आणि तारीख. व्हर्मीर १६७५ साली वारला, त्याच्या चित्रावर कुणाचा हक्क उरलेला नाही. आपल्याकडच्या अलीकडच्या चित्रकारांचं चित्र घ्याल तर मात्र जपून. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांचा हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांना ही अडचण नाही. दुसरी नक्कल करायची असेल तर त्यांची एखादी नऊवारीतली बाई घ्या. आपला वर्ण आणि जरीचा काठ दोन्ही शिकायला मिळतात. आपल्या वर्णाला पांढरा कमी लागतो. ओकर आणि बर्न्ट सिएना यांवरच सगळं उभं करायचं, आणि कपाळावरच्या उजेडात किंचित निळसर पांढरा.

त्या बाईंची मुलगी, म्हणजे व्हर्मीरची हो, पुरी झाली. घरी भिंतीवर लावली. सासऱ्यांनी दोन दिवस काहीच म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना खुर्ची जरा बाजूला घ्यायला सांगितलं, मागचं चित्र दिसावं म्हणून.

मग आईचा फोटो बाहेर निघाला. त्यात अडचण अशी, की फोटो समोरून फ्लॅशचा, त्यामुळे चेहऱ्यावर सावलीच नाही. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. धाकटी बहीण आईच्या वळणावर गेलेली आहे. तिला सुट्टीत बोलावून घेतलं, आईची जुनी इरकली नेसवली, आणि सकाळी दहाच्या उजेडात डावीकडे खिडकी येईल अशी खुर्ची मांडून बसवलं. नाकाची उजेडातली कड गालात कशी मिसळते ते बहिणीच्या चेहऱ्यावर बघायचं, आणि डोळे-ओठ फोटोतले घ्यायचे. सध्या तपकिरी थर वाळतोय.